पार्श्वभूमी : जुना नऊ पिनी रिमोट नव्या कन्सोलपर्यंत कसा पोचला

१९९० च्या दशकात जळगाव-धुळ्याकडच्या घरांत 'व्हिडिओ गेम' म्हणून जे आलं, ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होतं. मूळ फॅमिकॉम जपानमधला, १९८३ चा. त्याच्या पॅडला आपल्याकडे कंट्रोलर क्वचितच कोणी म्हणे; तो रिमोटच, तार असली तरी.

त्याआधीच्या, १९७७ च्या अटारीच्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक दिशेला आणि बटणाला आपापली तार होती. बटणं वाढली की तारा वाढणार, हे उघडच. निन्टेंडोने आठ बटणं ४०२१ या शिफ्ट रजिस्टर चिपला (अनेक बटणांची स्थिती एकदम टिपून एकेक करून पुढे धाडणारी चिप) बांधली आणि पाच तारांत भागवलं. कन्सोल लॅचच्या तारेवर १२ मायक्रोसेकंदांचा ठोका देतो, चिप आठही बटणांची स्थिती टिपते, मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बटण डेटाच्या तारेवर येतं : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण म्हणजे शून्य व्होल्ट. उरलेल्या दोन तारा ५ व्होल्ट आणि ग्राउंड. आज हा रिमोट सहज जोडता येतो तो या साधेपणामुळेच.

नकलांनी या पाच तारा नऊ पिनी प्लगात आणल्या. खरी चिप असेल तर काम सोपं : पाय १६ ला ५ व्होल्ट, ८ ग्राउंड, ९ लॅच, १० क्लॉक, ३ डेटा. पण स्वस्त रिमोटात चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा ठिपका असतो आणि तारांच्या रंगांवर विसंबता येत नाही. तिथे मल्टिमीटर लावून सगळ्या बटणांच्या पट्ट्यांना सामाईक असलेली तार शोधायची, ती ग्राउंड. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले तर चिप तापते आणि बहुधा जातेच.

यूएसबी १९९६ साली आलं. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचं पॅड तर आतून यूएसबीच होतं, फक्त प्लग वेगळा. मग अडचण तारांची राहिली नाही, ओळखीची झाली. एक्सबॉक्स ३६० पासून पॅडला आपण अधिकृत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पीएस४ अनधिकृत पॅडला साधारण आठ मिनिटं चालू देतो आणि मग तोडतो. २०१७ चा निन्टेंडो स्विच या बाबतीत सैल आहे : रिमोट आणि स्विच यांच्यामध्ये एटीमेगा३२यू४ चिपचा प्रो मायक्रो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड लावला, की तो होरी या कंपनीच्या परवानाधारक पॅडची ओळख सांगतो आणि स्विच ती मान्य करतो. आर्डुइनोचे नेहमीचे उनो किंवा नॅनो बोर्ड घेऊन फसू नका. त्यांच्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नाही.

प्रो मायक्रोची ५ व्होल्टची आवृत्ती घ्यावी. त्याऐवजी रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड वापरायचा असेल तर ४०२१ ला ३.३ व्होल्टच द्यायचे, कारण पिकोच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. रिमोटातल्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला तर चुकीचे ठोके टळतात. डेटाच्या पिनेला पुल-अप ठेवावा, म्हणजे रेझिस्टरने ती पुरवठ्याच्या व्होल्टकडे ओढून ठेवावी, नाहीतर तार सुटली की भुताटकीसारखी बटणं दाबली जातात. ए दाबल्यावर आठही बटणं लागलेली दिसली, तर लॅचच्या तारेवरचा व्होल्ट ठोक्यानंतर शून्यावर येत नाहीये. काहीच न दाबता सगळी लागली, तर बोर्डाच्या प्रोग्रॅममधलं वाचन उलटं आहे, शून्य म्हणजे दाबलेलं असं धरलेलं नाही.

खानदेशात मात्र चिपपेक्षा बटणांखालचं रबर आधी दगा देतं. जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि रिमोट पत्र्याखालच्या माळ्यावर : रबर कडक होतं, खालचा कार्बन झिजतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसाव्यात. कार्बनचे ठिपके मात्र हलकेच. घासले की उरलेला थरही निघतो. सहा-बीच्या पेन्सिलीचं ग्राफाइट चोळलं तर काही आठवडे निभावतं, कायमचा इलाज म्हणजे नवं रबर.

सोबत मिळायची ती बंदूक मात्र जोडू नका. ती जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबची झगमग वाचते. एलसीडीवर तिला काहीच दिसत नाही.