देखणी डिस्क आणि भरवशाचा ब्रेक : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आलॉय चाकांच्या मोकळ्या आऱ्यांमधून ब्रेकची डिस्क सहज दिसते, त्यामुळे ती रंगवून, तिला छिद्रे पाडून किंवा तिच्यावर खाचा घालून देण्याची मागणी आमच्याकडे नेहमी होते. ही हौस आम्हाला गैर वाटत नाही. मात्र बंपरवरचे काम फसले तर गाडी वाईट दिसते एवढेच, डिस्कवरचे काम फसले तर गाडी थांबण्यावरच परिणाम होतो. म्हणून आम्ही कोणते काम करतो, कोणते अटीवर करतो आणि कोणते करत नाही, हे कारणांसह येथे मांडले आहे.

ब्रेक दाबल्यावर गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलते. ही उष्णता आधी डिस्कच्या धातूत साठते आणि मग हळूहळू हवेत जाते. १,५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. वेग निम्मा असता तर ती एक चतुर्थांशच झाली असती. यातला सत्तर टक्के भार पुढच्या ब्रेकवर पडतो असे धरले आणि पुढच्या दोन्ही डिस्क प्रत्येकी ७ किलोच्या असल्या, तर एकदाच थांबताना त्यांचे तापमान साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसने चढते. लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावावा लागतो, तेव्हा आधीची उष्णता निघून जाण्यापूर्वीच पुढची येऊन साचते. डिस्क बिडाची आणि जड का असते, याचे उत्तर यातच आहे : बीड उष्णता चांगली वाहून नेते, कंपने शोषून घेते, आणि जितके त्याचे वजन जास्त तितकी उष्णता ते कमी तापून सामावून घेते. शोभेसाठी कोरून काढलेला प्रत्येक ग्रॅम या साठ्यातून वजा होतो.

छिद्रांची मागणी सर्वांत जास्त असते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ब्रेक दाबल्यावर डिस्कवर दाबून घासले जाणारे तुकडे म्हणजे पॅड. पूर्वीच्या पॅडमधून फार तापल्यावर वायू सुटत असे आणि तो पॅड व डिस्क यांच्या मध्ये अडकून पकड कमी करी. त्याला वाट मिळावी म्हणून छिद्रे उपयोगी होती. आजच्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा उरलेला नाही. पावसात पाणी निघून जाण्यास छिद्रांची थोडी मदत होते, हे खरे आहे. पण छिद्राच्या काठाशी ताण एकवटतो आणि डिस्क वारंवार तापून निवत राहिली की तिथूनच केसाएवढ्या चिरा सुरू होतात. कारखान्यात छिद्रांसह घडवलेल्या डिस्कमध्ये त्यांच्या जागा आतल्या पंखांचा (डिस्कच्या दोन थरांमधल्या, हवा खेळवणाऱ्या पट्ट्यांचा) विचार करून ठरवलेल्या असतात आणि छिद्रांचे धारदार काठ घासून बोथट केलेले असतात. साध्या डिस्कला नंतर ड्रिल लावले तर भोक नेमके पंखावर येऊ शकते आणि डिस्कचा तोलही बिघडतो. त्यामुळे ग्राहकाने आणलेल्या साध्या डिस्कला छिद्रे पाडण्याचे काम आम्ही घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मोटारसायकलच्या डिस्ककडे बोट दाखवून ‘त्यांना तर भोके असतातच’ असे अनेकजण म्हणतात. पण ती डिस्क स्टेनलेस स्टीलची, पातळ आणि मुळापासून छिद्रांसह आखलेली असते, शिवाय तिला थांबवायचे वजनही कितीतरी कमी असते.

आपल्या गाडीला छिद्रांची डिस्क आधीच बसवलेली असेल, तर चाक काढले जाईल त्या प्रत्येक वेळी ती पूर्ण गार झाल्यावर चांगल्या उजेडात पाहावी. चीर एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचली असेल किंवा बाहेरच्या कडेला जाऊन भिडली असेल, तर ती डिस्क त्याच दिवशी बदलावी.

खाचांच्या डिस्कबद्दल आमचे मत बरे आहे. खाच पॅडचा गुळगुळीत झालेला थर खरवडते आणि भुकटी बाहेर काढते. त्याची किंमत म्हणून पॅड लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक लावताना घरघर ऐकू येते. ज्यांना आवाजाचा त्रास होतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आतले पंख वक्र असलेल्या डिस्कची डावी-उजवी बाजू ठरलेली असते. बसवताना खाचांची दिशा पाहून नव्हे, तर पंखांची दिशा पाहून ती ठरवावी लागते.

रंगकाम आम्ही आनंदाने करतो, कारण दिसण्यातला मोठा फरक त्यानेच पडतो आणि नीट केले तर ब्रेकच्या कामात काही बदलत नाही. उष्णता सोसणारा रंग डिस्कचा मधला उंच भाग आणि बाहेरची कड यांवरच दिला जातो. पॅड जिथे घासतो तो पृष्ठभाग, हवा जाण्याचे मार्ग आणि डिस्क हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) टेकते ती मागची बाजू झाकून ठेवली जाते. ही शेवटची जागा दिसत नाही, त्यामुळे तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. तिथे एका बाजूला रंगाचा किंवा गंजाचा पातळ थर राहिला तरी डिस्क किंचित तिरपी बसते, आणि हबच्या टेकणीपेक्षा डिस्कचा व्यास दुप्पट असेल तर बाहेरच्या कडेला तो तिरपेपणाही दुप्पट होतो. अनेक गाड्यांमध्ये याची मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, म्हणून बसवल्यावर आम्ही डायल गेज (असा बारीक तिरपेपणा मोजणारे काट्याचे मापक) लावून पाहतो. शिवाय दाबाखाली रंग चेपला की चाकाचे नट सैल पडू शकतात.

तिरप्या बसलेल्या डिस्कचा त्रास लगेच कळत नाही. ती प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासत राहते, जाडी असमान होते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरू लागते. याला सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी कमीजास्त झालेली असते किंवा पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी बसलेला असतो.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, हाताने रंगवताना रबरी आवरणे, सरकत्या पिना आणि हवा काढण्याचा निपल झाकावा लागतो. पावडर कोटिंग भट्टीत भाजावे लागते, म्हणून कॅलिपर पूर्ण सुटा केल्याशिवाय आणि नवे सील घातल्याशिवाय आम्ही ते करत नाही. कॅलिपरवर चिकटवायची शोभेची टोपणे आम्ही विकत नाही. ती हवा अडवतात आणि सुटली तर चाकात अडकतात.

मोठ्या डिस्कविषयी एक कसोटी सांगतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर आपल्या गाडीचे एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर मर्यादा टायरच्या पकडीची आहे; मोठ्या डिस्कने थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. वारंवार, सलग ब्रेक लावावे लागतात तिथे मात्र तिचा खरा फायदा आहे, आणि तिथेही पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल जुळवावा लागतो. एवढा खर्च करण्याआधी चांगले टायर, योग्य पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल घ्यावे, असे आम्ही सुचवतो. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश असतो. ठरावीक प्रमाणात ओलावा शोषल्यावर मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो.

काम घेण्यापूर्वी आम्ही डिस्कची जाडी मोजतो आणि कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेल्या किमान जाडीशी ती ताडून पाहतो. डिस्क त्या मर्यादेला टेकली असेल तर तिच्यावर रंग चढवण्यात अर्थ नाही. नवी डिस्क किंवा नवे पॅड बसवल्यावर, पॅड बनवणाऱ्याची वेगळी सूचना नसेल तर, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने काही वेळा वेग कमी करावा, मध्ये डिस्क निवू द्यावी, आणि ती तापलेली असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये. साधारण १०० किलोमीटर चालवल्यानंतर गाडी परत आणावी, म्हणजे चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून देता येतील.