डास जाळीतून येत नाही, कडेनं येतो

खिडकीला जाळी ठोकली, तरी रात्री कानाशी गुणगुण आहेच, ही तक्रार विदर्भातल्या खेड्यापाड्यांत नेहमीची. दोष जाळीच्या माथी मारला जातो आणि पुढच्या वर्षी आणखी बारीक जाळी आणली जाते. मच्छर काही कमी होत नाहीत, वारा मात्र बंद होतो.

दुकानात मिळणारी साधी फायबरग्लास जाळी बहुधा 18 × 16 ची असते, म्हणजे एका इंचात एकीकडून 18 आणि दुसरीकडून 16 धागे. धागा साधारण 0.28 मिलिमीटर जाड. वजाबाकी केली की भोक उरतं सुमारे 1.1 × 1.3 मिलिमीटरचं. पाय आणि पंख घेऊन डास त्यातून येऊ शकत नाही. जाळीची कड आणि चौकट यांच्यामध्ये राहिलेली तीन मिलिमीटरची फट मात्र त्याला राजदरवाजा. खोलीतली ऊब, घामाचा वास आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर झिरपत असतो आणि डास त्याच मागावर येतो.

जाळीचं काम नीट झालं तर काय होतं हे जुनंच सिद्ध आहे. मलेरिया डासामार्फत पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत 1897 साली सापडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1900 मध्ये, सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत जाळीबंद झोपडीत मलेरियाचा अख्खा हंगाम राहिले. दिवसा मोकळे फिरायचे, सूर्य मावळायच्या आत जाळीआड यायचे. दोघांनाही ताप आला नाही. गडचिरोलीतला मलेरिया काय किंवा भंडारा-गोंदियाकडचा हत्तीरोग काय, दोन्हींचे डास प्रामुख्यानं रात्रीच चावतात. डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो, म्हणून जाळी फक्त संध्याकाळी खाली सोडून भागत नाही.

पण आपल्याकडची खिडकी म्हणजे कायमची ठोकलेली जाळी सहन करणारी वस्तू नव्हे. झडपा बाहेर उघडत असतील तर त्या ओढून घ्यायला हात बाहेर काढावा लागतो. मार्चपासून जूनपर्यंत तिथं कूलर. वादळ आलं की घाईघाईनं झडप लावायची. शिवाय ज्या घरात पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल आहे, तिथं महिन्या-दोन महिन्यांत जाळी धुवावीच लागते. म्हणून गुंडाळता येणारी, हव्या त्या उंचीवर थांबणारी आणि काढता येणारी जाळी हवी. तयार मिळते तिच्यात नळीच्या पोटात स्प्रिंग असते. ती छान चालते, पण बिघडली की गावात दुरुस्त होत नाही. खाली सांगितलेल्या रचनेत स्प्रिंग नाही, फक्त दोरी आहे.

तीन फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे 90 × 120 सेंटिमीटर उघडीप असलेली खिडकी धरू. झडपा बाहेर उघडतात, मध्ये लोखंडी गज आहेत आणि जाळी आतून बसवायची आहे. वर एक नळी, नळीला गुंडाळलेली जाळी, जाळीच्या खालच्या टोकाला वजनदार पट्टी आणि दोन बाजूंना कडा धरून ठेवणाऱ्या यू-पट्ट्या. इतकाच संसार.

नळी एक इंची (25 मिलिमीटर) स्टीलची पडद्याची घ्या. वायरिंगचा पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो आणि पहिल्या आठवड्यात सरळही दिसतो, पण हिशोब करून पाहा. मीटरभर लांबीत जाळी, पट्टी आणि स्वतःचं वजन मिळून 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मध्यभागी चार मिलिमीटरहून जास्त झुकतो. तेवढ्याच जाडीची, एक मिलिमीटर पत्र्याची स्टीलची नळी झुकते जेमतेम 0.14 मिलिमीटर. पाइप झुकला की जाळी मध्यभागी सैल पडते आणि तिच्यावर व्ही आकाराच्या सुरकुत्या येतात. एप्रिल-मेच्या उन्हात पीव्हीसी आणखी मऊ पडतो, आणि एकदा आलेला बाक परत जात नाही. अजून एक गोष्ट: झोक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. खिडकी दुप्पट रुंद झाली की झोक सोळापट. सहा फुटी खिडकीला एकच मोठी जाळी करायचा मोह टाळा, मध्ये खांब देऊन दोन करा.

जाळी फायबरग्लासचीच. अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टीलची गुंडाळली की वळ्या धरते, आणि हिरवी प्लास्टिकची ताणाखाली लांबत जाते. रंग काळा किंवा करडा घ्या. पांढरे धागे उजेड विखुरतात आणि बाहेरचं धूसर दिसतं. कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, काचेचे बारीक तंतू अंगाला खाज आणतात.

मापात इथंच चूक होते. नव्वदच्या खिडकीला तीन फुटी जाळी (91 सेंटिमीटर) पुरेल असं वाटतं. पुरत नाही. दोन्ही बाजूंना यू-पट्टीच्या पोटात प्रत्येकी अडीच सेंटिमीटर जाळी हवी, म्हणजे रुंदी 95 झाली. चार फुटी रोलमधूनच कापा. लांबीला 120 सेंटिमीटर उघडीप, जाळी पूर्ण खाली आल्यावरही नळीवर राहणारे दीड वेढे म्हणजे 12 सेंटिमीटर, आणि पट्टीच्या खिशासाठी 6. वर थोडा हात राखून 140 कापा.

जाळीच्या उभ्या कडांना कापडी काठ शिवायचा मोह प्रत्येकाला होतो. शिंप्याला काम मिळतं आणि जाळी वाया जाते. साध्या जाळीची जाडी 0.35 मिलिमीटर धरली, तर सगळी गुंडाळल्यावर गुंडाळा 35 मिलिमीटर व्यासाचा होतो. काठासह जाडी एक मिलिमीटर झाली, तर कडेचा गुंडाळा जवळजवळ 48 चा. एकाच नळीवर मध्ये 35 आणि दोन्ही टोकांना 48! दर वेढ्याला कडेची जाळी जास्त लांब गुंडाळली जाते, मधली सैल राहते, आणि चार दिवसांत जाळी धोतराच्या निऱ्यांसारखी होते. फायबरग्लासच्या धाग्यांवर प्लास्टिकचा थर असल्यामुळे ते सहसा उसवत नाहीत. कड तशीच, धारदार कटरनं सरळ कापलेली ठेवा.

नळीवर जाळी चिकटवायला दुहेरी चिकटपट्टी पुरते, पण ती सरळ रेषेवर लागली पाहिजे. नळी लोखंडी अँगलच्या कोनात ठेवून अँगलच्या कडेनं पेन्सिल ओढली की रेघ सरळ येते. चिकटवताना 90 सेंटिमीटरच्या रुंदीत तीन मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला, तर जाळी पूर्ण गुंडाळेपर्यंत चार मिलिमीटर एका बाजूला सरकते. मग यू-पट्टीच्या तोंडाशी तिची कड दुमडते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. तरीही सरकलीच तर सोडवून पुन्हा चिकटवायची गरज नाही. जाळी डावीकडे सरकत असेल तर नळीच्या उजव्या टोकाला जाळीखाली चिकटपट्टीचे एक-दोन वेढे द्या. जाळी जाड बाजूकडे ओढली जाते.

खालच्या खिशात 20 × 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी, गंज रोखणारा रेड ऑक्साइड लावून. 95 सेंटिमीटरला तिचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, जाळीचं स्वतःचं दीडशे. बांबूची कामटी इथं चालत नाही. जाळी उतरायला लागते तेव्हा खाली ओढणारं वजन जवळपास फक्त पट्टीचंच असतं, आणि आसाचं घर्षण तिनं एकटीनं जिंकायचं असतं. बांधकामातली 8 मिलिमीटरची सळईही नको. वजन बरोबर असलं तरी ती यू-पट्टीत अडकते. चपटी पट्टी सहज उतरते.

नळीच्या दोन्ही टोकांत सागाचे गोल ठोकळे घट्ट बसवा आणि त्यांच्या बरोबर मध्यात 8 मिलिमीटरचा बोल्ट, हाच आस. केंद्र मिलिमीटरभर जरी चुकलं तरी नळी लंगडत फिरते. हे बोल्ट पेलणाऱ्या दोन एल-पट्ट्यांपैकी (काटकोनी पट्ट्यांपैकी) एकीला भोक आणि दुसरीला वरून उघडी खाच ठेवली, की नळी उचलून काढता येते.

आता दोरी. नळीची लांबी जाळीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त ठेवा आणि त्या मोकळ्या टोकावर 3 मिलिमीटरची नायलॉन दोरी बांधा. जाळी भिंतीच्या बाजूनं खाली पडते, दोरी खोलीच्या बाजूनं. जाळी उलगडते तशी दोरी नळीवर चढते, दोरी ओढली की जाळी गुंडाळते. दोन्ही एकाच बाजूनं गुंडाळल्या तर दोन्ही एकदमच उलगडतात आणि ओढायला काही उरतच नाही. पहिल्यांदा करणारे निम्मे लोक हीच चूक करतात. जाळीचे साधारण चौदा वेढे होतात, त्यासाठी नळीवर सव्वा मीटर दोरी चढते. हाताशी धरून तीन मीटर पुरे. भिंतीतल्या खुंटीला इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळली की जाळी हव्या त्या उंचीवर थांबते. खुंटी पाच फुटांच्या वरच ठोका आणि दोरीचा फास कधीच लोंबकळत ठेवू नका. अशा दोऱ्यांत लहान मुलांचे गळे अडकून जीव गेलेले आहेत.

कड हा या रचनेचा जीव. आतून 12 मिलिमीटर रुंद आणि 25 ते 30 मिलिमीटर खोल अशी अ‍ॅल्युमिनियमची यू-पट्टी घ्या. तिच्या दोन्ही गालांना आतून ब्रश पट्टी चिकटवा, सरकत्या खिडकीला असते तीच. जाळीची कड दोन ब्रशांच्या मधून सरकते आणि फट उरत नाही. यू-पट्टीची खोली 25 च का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. ताशी 18 किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे 15 न्यूटनचा दाब देतो. जाळीतून बराचसा वारा आरपार जातो. पण निम्मा दाब जरी अडला, तरी आपल्या खिडकीवर तो आठशे ग्रॅम वजनाइतका होतो, पट्टीच्या जवळजवळ दुप्पट. जाळी शिडासारखी फुगते आणि फुगली की कडा आत ओढल्या जातात. मध्यभागी पाच सेंटिमीटर फुगवटा आला तर प्रत्येक कड साडेतीन-चार मिलिमीटर आत येते. फुगवटा दहा सेंटिमीटरचा झाला तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे पंधराच्या आसपास. एक सेंटिमीटर खोल पट्टीतून जाळी कधीच निसटलेली असते. म्हणून खालच्या पट्टीला दोन्ही टोकांशी आकड्या लावून ती अडकवायची. वादळाची चिन्हं दिसली तर जाळी गुंडाळून झडप लावायची, तिच्याशी जोर आजमावायचा नाही.

खाली खिडकीच्या पाटावर फोमची पट्टी चिकटवा, कारण पाट क्वचितच सपाट असतो. वरची फट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नळी आणि भिंत यांच्यामधून सरळ वाट असते. तिच्यावर दहा सेंटिमीटर रेक्झिनचा पदर भिंतीला ठोकून नळीवर सोडा. बंद पेटी करायला जाल तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि आसच जाम होतो. पदराखाली फार तर पाल बसते.

बसवताना चौकटीच्या मागे जाऊ नका, ओळंब्याच्या मागे जा. जुन्या घरांतल्या चौकटी क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतात, दोन कर्णांत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक सर्रास असतो. दोन्ही यू-पट्ट्या ओळंब्यात, नळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं समपातळीत, आणि चौकटीशी राहिलेली तिरकी पाचर लाकडी पट्टीनं किंवा सिलिकॉननं भरायची. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथं चौकटीलाच उभी फळी ठोकून सगळं तिच्यावर घ्यावं लागतं. झडपा आत उघडत असतील तर जाळी छज्जाखाली बाहेरून बसवा आणि दोरी चौकटीतल्या 8 मिलिमीटरच्या भोकातून आत घ्या. खालच्या आकड्यांना हात गजांमधून पोचतो.

इतकं करूनही दोन गोष्टी या जाळीच्या आवाक्याबाहेर राहतात. एक वाळूमाशी. 1965 साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांत सापडलेला आणि त्याच नावानं ओळखला जाणारा विषाणू ही माशी पसरवते. ती डासाहून बरीच लहान असते आणि 18 × 16 च्या भोकातून आत येते. तिला अडवायला सुमारे 0.6 मिलिमीटरची भोकं लागतात, आणि तेवढ्या बारीक जाळीतून आपल्याकडच्या उन्हाळ्यातली झुळूक आत यायची नाही. मंद वाऱ्यात हवा धाग्यांना जणू चिकटून चालते, त्यामुळे मोकळ्या जागेच्या हिशोबापेक्षाही वारा कमी मिळतो. भिंतीच्या भेगा लिंपणं आणि शेण-ओल घरापासून लांब ठेवणं तिच्यासाठी जास्त कामाचं. दुसरी गोष्ट वळचण. कौलारू घरात भिंत आणि कौलं यांच्यामध्ये वीतभर फट असेल तर खिडकीची जाळी शोभेची. आधी ती फट जाळीनं बंद करा, नाहीतर मच्छरदाणी वापरणं थांबवू नका.

धुण्याचं महत्त्व आकड्यातच दिसतं. नव्या जाळीत सुमारे 66 टक्के जागा मोकळी असते. धुरानं आणि धुळीनं प्रत्येक भोकाच्या चारही बाजूंना फक्त 0.1 मिलिमीटरचा थर धरला तर ती 46 वर येते. नळी काढा, अंगणात जाळी पसरा, कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. पिळायची नाही, घडी घालायची नाही. घडीवर काचेचे धागे तुटतात आणि नेमकी तिथंच रेघ फाटते.

मार्चमध्ये कूलर खिडकीत आला की ही नळी खाचेतून उचलून दुसऱ्या खिडकीला लावता येते, फक्त एल-पट्ट्या आणि यू-पट्ट्या तिथंही त्याच अंतरावर हव्यात. कूलर चालू असताना त्या दुसऱ्या खिडकीतूनच दमट हवा बाहेर पडते. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसच लागतात, आणि टाकीतला डास जाळीच्या आतल्या बाजूला जन्मतो. जाळी लावायचीच नसेल तर गुंडाळून, जुन्या लुगड्यात बांधून आढ्याला आडवी टांगा. जमिनीवर ठेवलेली उंदीर कुरतडतात.