गोळीचीच शंका आली तर: औषध तपासून घेण्याचा अर्ज कुठे, कसा करायचा

गेल्या पावसाळ्यात आईच्या बीपीच्या गोळ्या पाकिटातून काढतानाच भुगा व्हायला लागल्या. मेडिकलवाल्याने 10 च्या स्ट्रिपमधून 6 कापून दिल्या होत्या. बॅच नंबर नेमका त्याच्याकडे राहिलेल्या तुकड्यावर आणि बिल आम्ही मागितलेलंच नाही. शंका होती, पण तक्रार कशाच्या जोरावर करणार? तेव्हा नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषध बाजारातून होलसेलने घ्या की सिडकोतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, अख्खी स्ट्रिप घ्या, निदान बॅच नंबरचा तुकडा मागून घ्या. बिलावर तोच नंबर आहे का, तेही तिथेच उभं राहून बघा.

‘बनावट’ आणि ‘अप्रमाणित’ यांत फरक आहे. कंपनी खरी, पण गोळीत औषध कमी किंवा ती नीट विरघळत नाही, तर ते अप्रमाणित. दुसऱ्याच्या नावाने किंवा मुळात नसलेल्या कंपनीच्या नावाने विकलं, तर बनावट. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, ते प्रकरण बनावट औषधाचं.

आता अर्ज. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार औषध विकत घेणारा कोणीही माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ते शासकीय विश्लेषकाकडे (औषधं तपासणारा सरकारी अधिकारी) तपासायला देऊ शकते. संघटनेचं सभासद असण्याची अट नाही. अर्ज नमुना 14-अ मध्ये करायचा. त्यात आपलं नाव, पत्ता, व्यवसाय, औषधाचं नाव, दुकानाचं नाव-पत्ता, खरेदीची तारीख आणि तपासणी का हवी याचं कारण लिहायचं. खाली प्रतिज्ञा असते: औषध मी किंवा माझ्यासाठी विकत घेतलं आहे, आणि जसं घेतलं तसंच देतो आहे, त्यात काही फेरफार केलेला नाही. म्हणून उघडलेली बाटली किंवा डबीत ओतलेल्या गोळ्या देण्यात अर्थ नाही. शुल्क नियमांच्या अनुसूची ‘ब’ प्रमाणे, जशी चाचणी तसं. अहवाल नमुना 14-ब मध्ये विश्लेषकाच्या सहीने मिळतो. सोबत बिलाची प्रत आणि असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. 10 गोळ्यांत भागेलच असं नाही. गोळ्यांचं वजन सारखं आहे का हे बघायलाच 20 लागतात, विरघळण्याच्या चाचणीला निदान 6 वेगळ्या. तेव्हा किती नमुना लागेल ते आधी विचारा आणि त्याच बॅचच्या सीलबंद स्ट्रिप घ्या.

माझं मत विचाराल तर हा अर्ज स्वतःची खात्री करून घ्यायला ठीक. दुकानदारावर किंवा कंपनीवर कारवाई हवी असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. टोल-फ्री क्रमांक 1800-222-365. तक्रारीवरून औषध निरीक्षक दुकानातून स्वतः नमुना घेऊ शकतो, आणि तो दुकानदारासमोर चार भागांत सील होतो: एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक दुकानदाराने ज्याच्याकडून औषध घेतलं त्याच्यासाठी. हा नमुना कोर्टात टिकतो. आपल्या घरातल्या स्ट्रिपबद्दल समोरचा वकील हमखास म्हणणार, “तुम्हीच उन्हात ठेवली असेल.”

सिव्हिलमध्ये किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळालेल्या औषधाला कलम 26 चालवणं अवघड, कारण त्यात ‘विकत घेतलेलं’ असे शब्द आहेत. तिथे सरळ तक्रारच करा आणि पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडा.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर उत्पादकाचं नाव, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक दिसायला हवा, आणि तो पाकिटाशी जुळायला हवा. अर्थात कोडचीही नक्कल होऊ शकते, त्यामुळे जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका.

औषध घेतल्यावर त्रास झाला असेल तर ती नोंद 1800-180-3024 वर वेगळी करावी लागते. आणि अहवालाची वाट बघत बीपीची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या बॅचची किंवा दुसऱ्या कंपनीची घ्या, जुनी मात्र बिलासकट कोरड्या जागी जपून ठेवा.