ताण सरतो, भीती उरते

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि घटप्रभा पात्राबाहेर आल्या. चिकोडी, गोकाककडचं पाणी यथावकाश ओसरलं. पण अजूनही कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की नदीकाठच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ‘आता कसली भीती?’ असं बेळगावात कोरड्यात बसून विचारणं सोपं आहे. आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संशोधन संस्थेत उंदरांवर झालेलं काम या प्रश्नाच्या बरंच जवळ जातं.

सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस, हलताच येऊ नये असं जखडून ठेवलं. नंतर त्यांच्या मेंदूचे पातळ काप गोल्गी पद्धतीने रंगवले. ही पद्धत १८७३ सालची, आणि मोठी लहरी. चांदीच्या क्षारांनी असंख्य पेशींतली एखाददुसरीच काळी होते, पण जी होते ती शेंड्यापर्यंत. पिवळट पार्श्वभूमीवर तिची फांदी न् फांदी मोजता येते.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या. हे अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे. भीतीशी निगडित अमिग्डालात त्याच ताणाने फांद्या उलट वाढल्या होत्या! म्हणजे ‘ताणाने मेंदू झिजतो’ हे अर्धंच खरं.

ताणात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन सोडतात, आपल्यात कॉर्टिसॉल. हा स्राव आवरायला हिप्पोकॅम्पस मदत करतो; तोच दुबळा झाला की आवरणंही अवघड होतं.

मग असाच ताण दिलेल्या दुसऱ्या उंदरांना एकवीस दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डालातल्या वाढलेल्या तशाच राहिल्या, आणि उंदीर उघड्या जागी जायला कचरतच होते. २००५च्या प्रयोगात तर एकदाच, दोन तास जखडलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात फरक नाही. दहा दिवसांनी पाहिलं तर फांद्यांवरचे सूक्ष्म काटे, म्हणजे पेशी-पेशींच्या जोडणीच्या जागा, वाढलेले!

उंदराला नैराश्य आलं असं सरळ म्हणता येत नाही. तो काही सांगत नाही, आपण त्याची वागणूक मोजतो. पुराचा धसकाही पिंजऱ्यात मावणारा नव्हे. तरी औषधांच्या बाबतीत एक गोष्ट जुळते. प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होत असतात. दीर्घ ताणाने त्या घटतात, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या औषधाने वाढतात, पण त्याला काही आठवडे लागतात. नैराश्याच्या रुग्णालाही या गोळ्यांचा गुण यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. धारवाडला मनोविकारतज्ज्ञांना दाखवून आणायचं, आठ दिवस गोळ्या घ्यायच्या आणि ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करायच्या, असं आपल्याकडे घडतं ते नेमकं याच आठवड्यांत.