डाव-परीक्षण (गो)

काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर प्रदेश वेढण्याच्या गो या दोघांच्या खेळात संपलेला डाव पहिल्या चालीपासून पुन्हा मांडून तपासण्याची पद्धत. जपानमध्ये तिला केन्तो, चीनमध्ये फूफान आणि कोरियात बोक्गी म्हणतात. हौशी खेळाडूही डाव तपासतात. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत मात्र तो पेशाचाच भाग असतो. स्पर्धेतला डाव ज्याने खेळला त्यानेच तो तपासण्याचे मोल वेगळे आहे. पटावर पडलेल्या चाली नोंदीत कोणालाही वाचता येतात. मनात येऊन गेलेल्या, मोजून पाहिलेल्या आणि शेवटी टाकून दिलेल्या चाली फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असतात. परीक्षणात त्या बाहेर येतात.

गोचा पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषांचा असतो. सोंगट्या रेषांच्या ३६१ छेदनबिंदूंवर ठेवतात आणि काळा पहिली चाल करतो. व्यावसायिक डाव बरेचदा दोनशेहून अधिक चालींचा होतो. जपानी पद्धतीच्या मोजणीत कैद केलेल्या सोंगट्या परत ज्याच्या त्याच्या प्रदेशात (वेढलेल्या रिकाम्या जागेत) भरतात, आणि मोजायला सोपे जावे म्हणून सोंगट्या सरकवून प्रदेशांना चौकोनी आकार देतात. त्यामुळे निकाल जाहीर होतो तेव्हा डावाची अखेरची स्थिती मोडलेली असते. पट मोकळा करून दोघे पुन्हा पहिल्या चालीपासून सुरुवात करतात, तीही बहुधा नोंदीकडे न बघता.

पाहणाऱ्याला ही अचाट स्मरणशक्ती वाटते. खेळाडूच्या लेखी मात्र प्रत्येक चालीला कारण असते, आणि कारणांचा माग धरला की चाली आपोआप हाताशी येतात. वादाच्या जागी पोचले की एकजण थांबतो आणि खेळली न गेलेली चाल ठेवतो: इथे तोडले असते तर? मग दोन्ही रंगांच्या दहा-पंधरा सोंगट्या भराभर पडतात, कधी एकाच हाताने. उत्तर मिळाले की तेवढ्याच सोंगट्या उचलल्या जातात आणि मूळ स्थिती जशीच्या तशी परत येते. खरी सोंगटी कुठली आणि कल्पनेतली कुठली, हे विचारावे लागत नाही.

या बैठकीचे काही संकेत आहेत. पहिला शब्द बहुधा हरलेल्याचा. जिंकलेला आपली बाजू रेटत नाही. उलट आपल्याला कुठे धोका वाटत होता हे तो मोकळेपणाने सांगतो. आवाज खालचा असतो, वाक्ये अर्धवट असतात आणि बरेचसे बोलणे सोंगट्यांनीच होते. शेजारचे डाव संपवून आलेले खेळाडूही भोवती जमतात आणि सुचवतात. किसेई आणि मेइजिन या जपानी किताबांच्या लढतींत प्रत्येकाला आठ तास मिळतात आणि डाव दोन दिवस चालतो. इतक्या दमणुकीनंतरही दोघे परीक्षणाला बसतात, हे या पेशातल्या माणसांबद्दल पुष्कळ सांगून जाते.

परीक्षणात सर्वात जास्त शोध घेतला जातो तो डाव घालवणाऱ्या चालीचा. ही चाल म्हणजे सर्वात वाईट चाल नव्हे. डाव आधीच हाताबाहेर गेला असेल तर त्यानंतरची घोडचूक निकालाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची ठरते. चूक झाली आणि प्रतिस्पर्ध्याने तिचा फायदा घेतला नाही, तर तीही नव्हे. जिच्याआधी डाव वाचवता येत होता आणि जिच्यानंतर अचूक खेळासमोर तो वाचवता आला नसता, ती ही चाल. ती पुष्कळदा साधीसुधी दिसते: कोपऱ्यातली एक शांत बचावाची सोंगटी, जिने पुढाकार प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. वेळ संपून सेकंद मोजले जात असताना पडलेली चूक आणि तासभर विचार करून केलेली चूक यांतही फरक करावा लागतो. पहिलीत मोजणी अपुरी पडलेली असते. दुसरीत समजच चुकलेली असते, आणि दुरुस्तीची गरज तिथे अधिक आहे.

यासाठी एक जुने साधन आहे, तेवारी. ते रूढ करण्याचे श्रेय परंपरेने चौथे होनिन्बो (या नावाच्या गो-घराण्याचे प्रमुख) दोसाकु (१६४५–१७०२) यांना दिले जाते. एखाद्या भागातली झटापट संपल्यावर त्याच चालींचा क्रम मनाने बदलून पाहायचा, किंवा दोन्ही बाजूंच्या निकामी झालेल्या सोंगट्या सारख्या संख्येने उचलून टाकायच्या. उरलेल्या मांडणीत एखादी सोंगटी अशी दिसते, की सरळ क्रमाने खेळताना तिथे ती कोणी ठेवलीच नसती. तिथे एक चाल वाया गेली. स्वतःच्या डावावर तेवारी लावणे विशेष उपयोगाचे, कारण खेळताना प्रत्येक पायरी अपरिहार्य वाटलेली असते. क्रम बदलला की ते वाटणे गळून पडते.

परीक्षण डाव संपल्यानंतरच व्हावे, हा दंडक कटू वादांतून पक्का झाला. १९३३–३४ मध्ये होनिन्बो शुसाइ आणि तरुण गो सेइगेन यांचा डाव अनेक बैठकींत चालला. तो कधी तहकूब करायचा हे तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे वरिष्ठ शुसाइ ठरवत. पांढऱ्याची, म्हणजे शुसाइ यांची, १६० वी चाल अप्रतिम होती आणि ते दोन गुणांनी जिंकले. पण तहकुबीच्या काळात शिष्यांसोबत डाव तपासताना ती चाल माएदा नोबुआकी या शिष्याला सुचली, अशी बोलवा उठली. शुसाइ यांच्या १९३८ मधल्या निवृत्तीच्या डावात बंद चालीची पद्धत वापरली गेली. दिवस संपताना खेळाडू आपली पुढची चाल गुप्तपणे लिहून पाकिटात बंद करतो आणि ती पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच उघडते. म्हणजे नेमकी कोणती स्थिती तपासायची हेच समोरच्याला कळत नाही.

मार्च २०१६ मध्ये सोल येथे कोरियन व्यावसायिक खेळाडू ली सेडोल आणि गो खेळणारी संगणक-प्रणाली अल्फागो यांची लढत झाली, तेव्हा या परंपरेला एक विचित्र पोकळी जाणवली. समोर बसून सोंगट्या ठेवणारा माणूस फक्त यंत्राच्या चाली पटावर उतरवत होता. डाव संपल्यावर विचारायला कोणी नव्हते. दुसऱ्या पराभवानंतर ली यांनी सहकारी व्यावसायिक खेळाडूंना सोबत घेऊन हॉटेलच्या खोलीत रात्र जागून डाव तपासला. चौथ्या डावात त्यांची ७८ वी चाल निर्णायक ठरली आणि तो डाव त्यांनी जिंकला. लढत मात्र अल्फागोने ४–१ अशी घेतली. अल्फागो बनवणाऱ्या डीपमाइंडचे डेमिस हासाबिस यांनी नंतर सांगितले, की यंत्राची चूक ७९ व्या चालीला झाली, तिथे यंत्र स्वतःच्या विजयाची शक्यता ७० टक्के धरत होते, आणि चूक त्याच्या लक्षात आली ८७ व्या चालीच्या सुमाराला. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले, की काळ्याने, म्हणजे अल्फागोने, अचूक उत्तर दिले असते तर ७८ वी चाल साधली नसती. चालीचे तेज त्यामुळे उणावत नाही. हरत चाललेल्या स्थितीत प्रतिस्पर्ध्यासमोर सर्वात कठीण प्रश्न टाकणे ही गोमधली मोठी कला आहे, आणि ती ओळखण्यासाठी डाव खेळाडूच्या बाजूने वाचावा लागतो.

आज लीला झीरो (२०१७) आणि कातागो (२०१९) यांसारख्या गो खेळणाऱ्या मुक्त संगणक-प्रणालींमुळे प्रत्येक चालीचे मूल्यमापन क्षणात मिळते. कातागो विजयाच्या शक्यतेसोबत गुणांची आघाडीही दाखवते, आणि दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. सुरुवातीला दोन गुणांची आघाडी हाती काही देत नाही. शेवटच्या टप्प्यात, सीमा जवळजवळ ठरलेल्या असताना, तेवढीच आघाडी डाव जिंकून देते. या आकड्यांच्या आलेखातली प्रत्येक घसरण चूक म्हणून टिपून ठेवली तर यादी लांबते आणि शिकण्यासारखे थोडेच उरते. यंत्राने सुचवलेली चाल पुष्कळदा पुढच्या वीस-तीस नेमक्या चालींवर उभी असते. त्यांतली एक जरी हुकली तर ती सुचवणी खेळाडूच्या मूळ चालीपेक्षा वाईट ठरते.

म्हणून मुरलेला खेळाडू आधी यंत्राशिवाय डाव मांडतो, आपले अंदाज लिहून ठेवतो आणि मगच आकडे उघडतो. नंतर, सामन्यात ज्या प्रत्युत्तराची धास्ती घेऊन त्याने बेत सोडला होता, ते प्रत्युत्तर तो स्वतः यंत्रासमोर ठेवतो. कधी धास्ती खरी निघते. कधी यंत्र त्या चालीची दखलही न घेता पटाच्या दुसऱ्या टोकाला खेळते, आणि आपण नेमकी कुठली धमकी वाजवीपेक्षा मोठी मानली ते खेळाडूला कळते. खेळाडूने स्वतःच्या डावावर लिहिलेल्या भाष्यात वाचकाने हाच भाग शोधावा: कोणती चाल खेळायची होती, कोणत्या भीतीने ती टाकली आणि ती भीती पटावर टिकली का.