चिनी डास किती वेळ उडेल?

जून २०२५ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर तिथल्या संरक्षण तंत्रज्ञान विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने चिमटीत धरलेला हेरगिरीचा यांत्रिक डास दाखवला. पानाच्या आकाराचे दोन पंख, केसांएवढे बारीक पाय आणि मधे काडीसारखं अंग. काही सेकंदांचं ते दृश्य आपल्याकडे पोचेपर्यंत त्याला बरेच पाय फुटले. अमळनेर-चोपड्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आला तेव्हा त्या डासाला सुई होती, सुई टोचून तो रक्तातला डीएनए पळवत होता, आणि खाली एका महाभागाने लिहिलं होतं, "हाऊ मच्छर नही शे भाऊ, ड्रोन शे!"

सुईचं आधी निकालात काढू. सुईवाल्या डासाचं ते चित्र निदान दहा-बारा वर्षं इंटरनेटवर फिरतंय आणि ते निव्वळ कल्पनाचित्र आहे. अशी भीती फक्त आपल्यालाच वाटते असंही नाही. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या युद्धविरोधी मोर्चातल्या लोकांनी डोक्यावर घिरट्या घालणारे यांत्रिक चतुर पाहिल्याचं सांगितलं होतं. कीटकतज्ज्ञांचं म्हणणं पडलं की ते खरेच चतुर असावेत. गंमत अशी, की अमेरिकेच्या सीआयएने १९७० च्या दशकात खरोखर एक यांत्रिक चतुर बनवला होता. वजन सुमारे एक ग्रॅम, आत वायूवर चालणारं चिमुकलं इंजिन, दिशा द्यायला लेसरचा झोत. तो उडालाही. पण आडवा वारा आला की हाताबाहेर जायचा, म्हणून काम थांबलं. आज तो त्यांच्या संग्रहालयात आहे.

मला या सगळ्यात हेरगिरीपेक्षा जास्त भुरळ घालणारी गोष्ट वेगळीच आहे. एवढासा पंख हवेत टिकतो कसा?

शाळेत आपण शिकलो की विमानाचा पंख थोडा तिरपा असतो, तो हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर ढकलते. तिरपेपणा वाढवला तर उचल वाढते, पण साधारण पंधरा अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पंख सोडून देते, उचल कोसळते आणि विमान खाली येतं. कीटक मात्र पंख चाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरपा धरून खुशाल फडफडवतात. विमानाचा हिशेब लावला तर ते पडायला हवेत.

चहाच्या कपात चमचा अर्धा बुडवा आणि त्याची रुंद बाजू पुढे करून हलकेच ओढा. दोन्ही कडांशी एकेक भोवरा उठलेला दिसेल. कीटकाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर असाच भोवरा तयार होतो. भोवऱ्याच्या मध्यावर दाब कमी असतो. तो पंखाच्या पाठीवर बसून राहिला की वरून ओढ लागते. विमानाच्या पंखावर असा भोवरा फुगत जाऊन मागे निसटतो. कीटकाच्या पंखावर तो निसटण्याआधीच पंखाचा फेरा संपतो, पंख उलटा होतो, आणि परतीच्या फेऱ्यात नवा भोवरा बसतो. केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एका मोठ्या पतंगाभोवती धूर सोडून आणि त्याच पतंगाचं यांत्रिक रूप बांधून हा भोवरा दाखवला. त्यात आणखी एक बारकावा निघाला. पंखाच्या मुळाकडून टोकाकडे हवेचा एक प्रवाह वाहत असतो, तो भोवऱ्यातली हवा बाजूला काढत राहतो, म्हणून भोवरा फुगून सुटत नाही.

फळमाशीचा अभ्यास आणखी अवघड. तिचा पंख अडीच मिलिमीटरचा, सेकंदाला दोनशे फडफडी. तिथे बल मोजायचं कसं? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल डिकिन्सन यांनी पंख शंभर पट मोठा केला, पंचवीस सेंटिमीटरचा, आणि तेलाच्या टाकीत साधारण सहा सेकंदांत एकदा या संथ गतीने हलवला. हे चालतं, कारण द्रवाला किंवा वायूला फक्त एक आकडा कळतो : रेनॉल्ड्स अंक. वेग गुणिले लांबी भागिले चिकटपणा (घनतेच्या हिशेबातला). हवेचा हा चिकटपणा १५ धरला तर त्या तेलाचा ११५ च्या आसपास. पंखाचा वेग ढोबळमानाने लांबी गुणिले सेकंदाच्या फडफडी एवढा, म्हणून पंखाच्या (मिलिमीटरमधल्या) लांबीचा वर्ग, गुणिले सेकंदाच्या फडफडी, भागिले चिकटपणा असा भागाकार करून पाहा, माशी आणि टाकी दोघांचं उत्तर ऐंशी-नव्वदच्या घरात येतं. म्हणजे माशीला हवा जशी लागते, तसंच त्या मोठ्या पंखाला तेल लागतं. (अमळनेरचे असाल तर तेलाचं वावडं नसावं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच गावात तेलाच्या कारखान्यातून झाली.) प्रवासी विमानाचा हा अंक कोटींत, मधमाशीचा हजाराच्या आसपास, डासाचा शे-दोनशे. अंक जितका लहान, तितकी हवा चिकट आणि उडणं महाग.

आता ते ठरलेलं वाक्य : "विज्ञानाच्या नियमांनुसार भुंगा उडूच शकत नाही, पण त्याला ते माहीत नाही म्हणून तो उडतो." प्रेरणादायी व्याख्यानांचा हा हुकमी एक्का १९३४ च्या एका फ्रेंच पुस्तकातल्या ढोबळ गणितावर उभा आहे. ते गणित विमानाच्या स्थिर पंखाचं होतं. भुंग्याच्या जिद्दीचा त्यात काही संबंध नाही.

डास तर यातही निराळा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो पंख जेमतेम चाळीस अंशांत हलवतो, पण सेकंदाला सातशेहून जास्त वेळा. एवढ्या आखूड फेऱ्यात पुढच्या कडेचा भोवरा पुरत नाही. म्हणून तो मागच्या कडेलाही भोवरे धरतो आणि फेऱ्याच्या टोकाला पंख फिरवून आणखी उचल काढतो. कानाशी येणारी गुणगुण ती हीच.

उचलीचं कोडं सुटलं. यंत्र अडतं ते शिदोरीवर. हार्वर्डची यांत्रिक माशी २०१३ मध्ये उडाली, वजन ८० मिलिग्रॅम, पंखांचा पसारा तीन सेंटिमीटर. पण विजेची तार शेपटीला बांधूनच. २०१९ मध्ये तिच्या २५९ मिलिग्रॅमच्या धाकट्या बहिणीने तार तोडली. डोक्यावर सौरपत्रे लावून ती सेकंदभरही नाही एवढं उडाली, आणि त्यासाठी उन्हाच्या तिप्पट प्रखर दिवे लागले. जळगावचं मे महिन्यातलं भर दुपारचं ऊनही तिला तिपटीने अपुरं. तिला लागते साधारण ०.१२ वॉट वीज. एक दशांश ग्रॅमची बॅटरी तिला उचलता आली असं धरू. चांगली लिथियम बॅटरी ग्रॅमला ९०० ज्यूल ठेवते, म्हणजे हाती ९० ज्यूल. भागाकार केला की साडेबारा मिनिटं. हे कागदावर. एवढ्याशा बॅटरीत वेष्टनाचंच वजन जास्त, त्यामुळे ग्रॅमला ९०० ज्यूल मिळतच नाहीत. पंख हलवणाऱ्या स्फटिकांना दोनशे व्होल्ट लागतात, ते तयार करतानाही वीज गळते. मग कॅमेरा, मग चित्र पाठवणारा रेडिओ. आणि तापीकाठचा वारा ०.३ ग्रॅमच्या यंत्राला कापसाच्या तंतूसारखा उडवून नेईल.

भादव्या-अश्विनात कपाशीवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर आठवा. पँटाला फ्लॅवेसेन्स हे त्यांचं शास्त्रीय नाव. वजन तेच, ०.३ ग्रॅमच्या आसपास. ही जात भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असं अभ्यासकांचं मत आहे. त्यांची शिदोरी चरबीची, तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३७,००० ज्यूल असतात, आणि चतुर वाऱ्याशी भांडत नाही, त्याच्यावर तरंगतो.

यांत्रिक डासाच्या डोळ्याचं, म्हणजे कॅमेऱ्याचंही तसंच. अर्ध्या मिलिमीटरच्या भिंगातून दहा मीटरवरच्या, तेरा मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन बिंदूंचा एकच ठिपका होतो. हा प्रकाशाच्या तरंगलांबीचा नियम आहे, कॅमेरा कितीही महाग घ्या. चेहरा ओळखायचा तर त्याला तुमच्या खोलीतच, मीटर-दोन मीटरवर यावं लागेल.

म्हणजे पाळतीची भीती खोटी का? अजिबात नाही, फक्त तिचा नेम चुकतोय. ब्रिटिश सैन्याने अफगाणिस्तानात वापरलेलं नॉर्वेचं 'ब्लॅक हॉर्नेट' हे दहा सेंटिमीटरचं, सोळा-सतरा ग्रॅमचं हेलिकॉप्टर वीस-पंचवीस मिनिटं उडत होतं. जिवंत भुंगेऱ्याच्या पाठीवर चिप बसवून त्याला हवेत वळवण्याचा प्रयोग बर्कलीत २००९ मध्येच झाला. तिथे शिदोरी भुंगेरा स्वतः आणतो, म्हणून मला तो मार्ग यांत्रिक डासापेक्षा जास्त शक्य वाटतो. आणि पेगासस प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली ती फोनमधल्या हेराबद्दल. त्याला पंखही लागत नाहीत आणि बॅटरी तर आपणच रोज भरून देतो.

अफवेला आपल्याकडे काय किंमत पडते हे धुळे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. संशय पसरला होता तो असल्याच व्हिडिओंमधून. रात्री आकाशात दिवा दिसला की "चोरांचा ड्रोन" म्हणून गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं, तेव्हा मला त्या दिव्यापेक्षा रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाची काळजी वाटते.

कायद्याचं म्हणाल तर खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्यानंतर आलेल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा प्रत्येक ड्रोन 'नॅनो' वर्गात बसतो आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. वर्गवारी वजनावर आहे, कॅमेऱ्यावर नाही. त्यामुळे लग्नाच्या मांडवावर भिरभिरणारा २४९ ग्रॅमचा ड्रोन, आणि उद्या खरोखर आलाच तर ०.३ ग्रॅमचा तो डास, या नियमांच्या लेखी एकाच वर्गातले.