दुव्याचे मोल : छोट्या सहयोगी संकेतस्थळांच्या प्रसिद्धीची पार्श्वभूमी

ज्या दुकानात स्वतःचा माल नाही, त्या दुकानाला गिऱ्हाईक आणण्याखेरीज दुसरे भांडवल नसते. व्यवहारात ज्याला अ‍ॅफिलिएट साइट म्हणतात, ते सहयोगी संकेतस्थळ असेच दुकान असते. तेथे वस्तूची माहिती, तुलना किंवा परीक्षण वाचायला मिळते, पण विक्री दुसऱ्याच्या दुकानात होते, आणि आपल्या दुव्यावरून (लिंकवरून) गेलेल्या वाचकाने खरेदी केली तर संकेतस्थळाच्या मालकाला ठरलेले कमिशन मिळते. कमिशन बहुधा तुटपुंजे असल्यामुळे जाहिरातीवर रोख पैसा खर्च करणे छोट्या मालकाला परवडत नाही. म्हणून त्याने प्रसिद्धीसाठी कायम फुकट किंवा जवळजवळ फुकट साधने शोधली, आणि त्यांत दुवा हे पहिले व शेवटपर्यंत टिकलेले साधन ठरले. मात्र गेल्या तीस वर्षांत या दुव्याचा अर्थच बदलत गेला आहे. तो आधी वाट होता, मग मत झाला, मग चलन झाला, आणि आता त्याच्याकडून कबुली मागितली जाते. स्पर्धा, बक्षिसे, गाजावाजा यांचा इतिहास या बदलाशी जोडल्याखेरीज नीट उलगडत नाही.

सहयोगी विक्रीची कल्पना वेबच्या आधीची आहे. विल्यम टोबिन यांनी १९८९ मध्ये प्रॉडिजी या सशुल्क संगणक-सेवेवर फुले व भेटवस्तू विकण्यास सुरुवात केली, आणि प्रत्येक विक्रीतील हिस्सा प्रॉडिजीला देण्याचे ठरवले. वेबवर हा प्रकार प्रथम ठळकपणे दिसला तो संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या सीडीनाऊ या दुकानाने नोव्हेंबर १९९४ मध्ये आणलेल्या योजनेत. संगीताविषयी लिहिणाऱ्यांनी अल्बमच्या नावावर थेट खरेदीचा दुवा द्यावा, अशी ती योजना होती. ॲमेझॉनने जुलै १९९६ मध्ये आपली असोसिएट्स योजना सुरू केली. एका मेजवानीत कोणा बाईंनी आपल्या संकेतस्थळावरून पुस्तके विकता येतील का, असे जेफ बेझोस यांना विचारले आणि त्यातून ही योजना सुचली, अशी गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, कोणालाही मोफत सामील होता येईल अशी दारे या योजनेने उघडली, हे निश्चित. वाचक कोणाच्या दुव्यावरून आला हे लक्षात ठेवण्याची सोय नेटस्केप या ब्राउझर-कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या कुकीने, म्हणजे वाचकाच्या संगणकावर ठेवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदीने, आधीच करून ठेवली होती. मोजणी, वसुली व हिशेब यांसाठी १९९६ मध्ये लिंकशेअर, १९९८ मध्ये कमिशन जंक्शन आणि २००० मध्ये शेअरअसेल ही मध्यस्थ जाळी उभी राहिली. विक्रेत्याशी ओळख नसलेल्या, एकट्याने घरबसल्या काम करणाऱ्या माणसालाही आता धंद्यात उतरता येत होते. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे अशा माणसांची संख्या.

त्या काळी शोधयंत्रे कच्ची होती आणि वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुवे धरूनच जात असे. दुवा ही खरोखरच वाट होती आणि तिचे मोल तिच्यावरून येणाऱ्या माणसांइतकेच होते. सेज वाइल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या वेबरिंगमध्ये एकाच विषयाची संकेतस्थळे साखळीने जोडलेली असत. पानाच्या तळाशी ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ असे दुवे असत, आणि फिरत फिरत वाचक पुन्हा पहिल्या जागी येई. टोनी शे आणि संजय मदान यांनी १९९६ मध्ये काढलेल्या लिंकएक्स्चेंजने हीच देवघेव मोजून द्यायला सुरुवात केली. सदस्याने आपल्या पानावर इतरांचे बॅनर दोनदा दाखवले, की त्याचा बॅनर इतरत्र एकदा दिसे, आणि उरलेली जागा कंपनी जाहिरातदारांना विकत असे. छोट्या मालकांच्या फुकट देवघेवीवर उभी राहिलेली ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये २६ कोटी ५० लाख डॉलरला घेतली, यावरून त्या फुकट जागेची खरी किंमत कोणाच्या खिशात गेली ते दिसते.

स्पर्धांचे मूळही याच काळात आहे, आणि आजच्या कित्येक युक्त्यांचे बीज तेथेच सापडते. ग्लेन डेव्हिस यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये रोज एका लक्षवेधी संकेतस्थळाची निवड जाहीर करण्याचा उपक्रम सुरू केला. त्या निवडीतून एका दिवसात येणारी गर्दी पाहून पुरस्कार देणाऱ्यांचे पेव फुटले. बहुतेक पुरस्कारांचे स्वरूप एक छोटे चित्र एवढेच असे. विजेत्याने ते आपल्या पानावर लावायचे आणि त्यावर टिचकी मारली की वाचक पुरस्कार देणाऱ्याकडे पोहोचायचा. म्हणजे मान विजेत्याचा आणि प्रसिद्धी देणाऱ्याची. यात फसवणूक होती असे म्हणता येणार नाही, कारण दोघांचेही समाधान होत असे. परंतु पुरस्कार जितके जास्त वाटावेत तितके दुवे जास्त मिळतात हे कळल्यावर निवडीची चाळणी सैल होत जाणे अटळ होते. क्रमवारीच्या याद्यांचेही तसेच झाले. जे संकेतस्थळ यादीकडे जास्त वाचक पाठवील ते वर, असा नियम असल्याने वर चढण्यासाठी आपलेच वाचक आधी यादीच्या हवाली करावे लागत.

स्टॅनफर्डमधील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक या पानांचे महत्त्व मोजण्याच्या पद्धतीने दुव्याला नवा अर्थ दिला. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने पडलेले मत, आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते आहेत त्याच्या मताचे वजन अधिक, असे त्याचे सूत्र होते. आता दुव्यावरून कोणी आले नाही तरी त्याचा उपयोग होता. गूगलने डिसेंबर २००० मध्ये आणलेल्या टूलबारवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पट्टीवर, कोणत्याही पानाचा पेजरँक ० ते १० या अंकांत, हिरव्या पट्टीच्या रूपाने दिसू लागला, आणि माझ्या मते सगळ्या घसरणीची सुरुवात त्या हिरव्या पट्टीपासून झाली. मत गुप्त असते तोवर त्याचा बाजार भरवणे अवघड असते. त्यावर अंक छापला की भाव ठरतो. सहा गुणांच्या पानावरील दुवा अमुक इतक्या महिन्याच्या भाड्याने, अशी खरेदी-विक्री सुरू झाली. परस्परांना दुवे देण्याच्या पत्रांचा पूर आला, आणि विषयाशी काहीही संबंध नसलेल्या दुव्यांची पानेच्या पाने तयार झाली.

छोट्या सहयोगी संकेतस्थळांची या बाजारात दुहेरी कोंडी झाली. संकेतस्थळांच्या प्रतिष्ठित सूचींत त्यांना थारा नव्हता. स्वयंसेवक संपादकांनी चालवलेल्या ओपन डिरेक्टरीच्या, म्हणजे डीमॉझच्या, नियमांत प्रामुख्याने सहयोगी दुव्यांसाठीच असलेली संकेतस्थळे नाकारली जात, आणि ती सूची गूगलसह अनेकांकडे वापरली जात असल्याने तेथील नकार दूरवर लागू होई. स्वेच्छेने दुवा द्यावा असे त्यांच्या पानांवर पुष्कळदा काही नसे, हेही मान्य केले पाहिजे, कारण विक्रेत्याने पुरवलेले वर्णन जसेच्या तसे उतरवून खाली दुवा देणारी पाने हजारोंनी होती. नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या, पुढे ‘फ्लोरिडा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या बदलात ऐन नाताळाच्या खरेदीआधी अनेक सहयोगी संकेतस्थळे निकालांतून खाली घसरली. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही, दुव्याला मत समजू नये असे शोधयंत्राला सांगणारी खूण एकत्रितपणे स्वीकारली. तिचा उद्देश वाचकांच्या प्रतिसादांमध्ये घुसवलेल्या दुव्यांना निष्प्रभ करण्याचा होता, पण तिच्यामुळे प्रथमच दुवा असूनही मत नसणे शक्य झाले.

या वातावरणात २००४ चा एक प्रयोग फार बोलका ठरला. ‘निग्रिट्यूड अल्ट्रामरीन’ या कोणत्याही अर्थाच्या नसलेल्या शब्दजोडीसाठी गूगलमध्ये पहिला क्रमांक मिळवण्याची स्पर्धा डार्कब्लू ही सहयोगी विक्रीची कंपनी आणि सर्चगिल्ड हा शोधयंत्रविषयक चर्चामंच यांनी मे महिन्यात जाहीर केली. आधी शून्य निकाल असलेल्या या शब्दांची पाने पाहता पाहता लाखांवर गेली. दुव्यांची जाळी विणणारे, खास संकेतस्थळे उभारणारे सगळे तज्ज्ञ त्यात उतरले. जुलैतील अंतिम फेरी जिंकली ती ब्लॉगलेखक अनिल डॅश यांनी, आणि तीही आपल्या ब्लॉगवर एकच नोंद लिहून व आपल्या वाचकांना तिच्याकडे दुवा देण्याची विनंती करून. वर्षानुवर्षे जमवलेल्या खऱ्या वाचकवर्गापुढे तंत्राची कारागिरी फिकी पडली, हा त्यातला उघड धडा होता. परंतु धंद्याने वेगळाच धडा घेतला. स्पर्धा भरवणाऱ्याला जिंकणाऱ्यापेक्षा जास्त प्रसिद्धी मिळते, हे त्याने नेमके हेरले. जर्मनीतील सेट या संगणकविषयक नियतकालिकाने २००५ मध्ये एका काल्पनिक माशाच्या नावाने अशीच स्पर्धा घेतली, तेव्हा निदान शोधयंत्रांचे वर्तन तपासण्याचा हेतू तरी होता. २००६ मधील चार हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत मात्र शोधशब्दांतच आयोजकाच्या संकेतस्थळाचा पत्ता गुंफलेला होता, त्यामुळे प्रत्येक स्पर्धक आपसूकच त्याची जाहिरात करीत होता.

वाचकांसाठीच्या बक्षीस-योजना याच वळणाने गेल्या. आमच्याविषयी लिहा, दुवा द्या आणि सोडतीत सहभागी व्हा, ही अट छोट्या मालकाला स्वस्तात पडे, कारण एका वस्तूच्या किमतीत शेकडो दुवे हाती येत. यात दोन खाचा होत्या. अमेरिकेसारख्या देशांत बक्षीस, नशीब आणि मोबदला या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सोडत बेकायदा लॉटरी ठरू शकते, म्हणूनच ‘खरेदी आवश्यक नाही’ हे वाक्य अशा योजनांच्या नियमांत हटकून आढळते. दुसरी खाच शोधयंत्राची होती. पैशाऐवजी वस्तू देऊन घेतलेला दुवाही विकत घेतलेलाच समजला जाऊ लागला. फेसबुकनेही नोव्हेंबर २०१४ पासून, पान आवडल्याची खूण केल्याशिवाय स्पर्धेत भाग घेता येणार नाही, अशी अट घालण्यास मनाई केली.

निव्वळ प्रसिद्धीच्या बळावर काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून ॲलेक्स ट्यू या ब्रिटिश विद्यार्थ्याच्या ऑगस्ट २००५ मधील पानाचा उल्लेख नेहमी होतो. दहा लाख बिंदूंच्या त्या पानावरील जागा त्याने जाहिरातदारांना दर बिंदूस एक डॉलरने विकली, आणि शेवटचे हजार बिंदू जानेवारी २००६ मधील लिलावात ३८,१०० डॉलरला गेले. त्याचे अनुकरण करणारी असंख्य पाने निघाली आणि विसरली गेली. पहिलेपणाची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही.

दरम्यान कायद्यानेही दुव्याकडे पाहायला सुरुवात केली होती. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये असा पवित्रा घेतला, की राज्यातील सहयोगी संकेतस्थळे बाहेरच्या विक्रेत्यासाठी गिऱ्हाईक मिळवतात, म्हणून त्या विक्रेत्याने विक्रीकर गोळा केला पाहिजे. दुवा ही जाहिरात की विक्रेत्याचा प्रतिनिधी, हा वाद न्यायालयांत गेला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायदा उचलून धरला. असेच कायदे करणाऱ्या इतर काही राज्यांतील सहयोग्यांशी ॲमेझॉनने करारच मोडले, आणि ज्यांचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता अशा छोट्या मालकांचे उत्पन्न एका पत्राने थांबले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची डिसेंबर २००९ पासून लागू झालेली सुधारित मार्गदर्शक तत्त्वे अधिक मूलगामी होती. शिफारस करणाऱ्याला तिच्यातून लाभ होत असेल, तर तो संबंध वाचकाला स्पष्टपणे सांगितला पाहिजे, असे त्यांनी बजावले.

गूगलच्या क्रमवारीतील फेब्रुवारी २०११ मधील पांडा या बदलाने उथळ मजकुराची पाने मागे टाकली आणि एप्रिल २०१२ मधील पेंग्विनने कृत्रिम दुव्यांचा हिशेब घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याचे साधन दिले. मग ज्यांनी कधीकाळी दुव्यासाठी आर्जवे केली होती तेच आता दुवे काढून टाकण्यासाठी पत्रे लिहीत होते, आणि पत्रे मिळालेल्या काही मालकांनी तर दुवे काढण्याच्या कामाचेही पैसे मागितले. पाहुणे-लेखनाचा, म्हणजे दुसऱ्याच्या संकेतस्थळावर लेख लिहून त्यात आपला दुवा घालण्याचा, आडमार्ग काही काळ चालला, पण जानेवारी २०१४ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी दुव्यांसाठी केले जाणारे असे लेखन संपल्यातच जमा असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन सतत चालू राहू लागला आणि वाईट दुव्यांसाठी संकेतस्थळ खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांचे वजनच काढून घेण्याकडे त्याचा कल झाला.

त्याच सुमारास मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष या उत्पन्नाकडे गेले. वस्तूंची प्रत्यक्ष चाचणी घेऊन सल्ला देणारे वायरकटर २०११ मध्ये सुरू झाले होते. ते न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलरला विकत घेतले. त्यानंतर ज्या दैनिकांच्या दुव्यासाठी छोटे मालक धडपडत, ती दैनिकेच त्यांची स्पर्धक बनली. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आणली, म्हणजे मोबदल्याचा दुवा यंत्रालाही उघडपणे सांगायची सोय झाली. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने कमिशनचे दर कापले, आणि फर्निचरसारख्या वर्गात ते आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आले. पुढे नामांकित प्रकाशनांनी आपल्या संकेतस्थळाचा एखादा कोपरा सहयोगी मजकूर तयार करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना वापरू देण्याचा प्रकार इतका वाढला, की गूगलने २०२४ मध्ये दुसऱ्याच्या नावलौकिकाच्या आधाराने क्रमवारी मिळवण्याविरुद्ध स्वतंत्र नियम केला आणि नोव्हेंबरमध्ये, प्रकाशकाचा त्या मजकुरावर देखरेखीचा हात असला तरी तो नियम लागू होईल, असे स्पष्ट केले.